काठावरच्या चिखलातले पाहुणे: तुमचे अनुभव लिहा

भिगवणला सगळे रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात. हा धागा रोहितांसाठी नाही. काठाला तुरुतुरु धावणारे, "सगळे सारखेच दिसतात हो" म्हणून आपण सोडून देतो, त्या पक्ष्यांसाठी आहे. नाव माहीत नसलं तरी लिहा.

सुरुवात मीच करते. आमच्या गावतळ्यावर शेकाटे नेहमीचेच, म्हणून कधी थांबून बघितलं नव्हतं. एका नोव्हेंबरात त्यांच्या लांब गुलाबी पायांमधून चिमणीएवढे पाच-सहा पक्षी चिखल टिपत फिरत होते, मान वर करायची फुरसत नाही. छोटे टिलवे! वजन जेमतेम २५ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन खारका. आणि येतात थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून. त्या दिवशी दूध आणायला निघाले होते, ते राहिलंच.

*

तुतवार ओळखायला सोपा. उभा राहिला की शेपूट खालीवर, खालीवर. सासरे त्याला 'होयबा' म्हणतात. खात्री करायची तर खांदा बघा, पोटाचा पांढरा रंग तिथे वर चढलेला असतो.

*

आम्ही उजनीकाठचे. पाणी उतरून गाळ उघडा पडला की इकडे गाळपेरीची लगबग, तिकडे पाणटिवळ्यांची. लांब सरळ चोच पार डोळ्यांपर्यंत पाण्यात खुपसतात. उन्हाळा लागला की मान-छाती विटकरी व्हायला लागते. मग समजायचं, निघाले.

*

आमच्या तळ्याचं सुशोभीकरण झालं. चारी बाजूंनी दगडी पिचिंग, फरशी, कारंजं. पाणकावळे आहेत, बदकं आहेत, पण चिखल्या एकही नाही. पाय टेकायला चिखल नको का? उद्घाटनाला टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

*

मेलबर्नजवळ वेरिबीला सांडपाण्याची प्रचंड तळी आहेत. तांबड्या मानेचे टिलवे सायबेरियातून तिथे येतात, ऐन उन्हाळ्यात. हो, आमचा उन्हाळा डिसेंबरात! वासाची सवय होते.

*

जून उजाडला तरी आमच्या तळ्यावर एक पाणटिवळा आहे. जखमी असेल का? पकडून कुणाला दाखवू?

*

नीट उडतोय ना? मग पकडू नका. पहिल्या वर्षाचे काही परत जातच नाहीत, पावसाळाही इथेच काढतात.

*

उडतो. आत्ताच टिटवीने हाकलला.