रेटिंग १२४०वर अडकले आणि खेळावरून मन उडाले

तटबंदी (प्रश्न)

नमस्कार. या विभागातील चर्चा मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. लिहितो आहे ते प्रथमच, कारण हा प्रश्न समजून घेईल असे माझ्या ओळखीत आता कोणी उरलेले नाही. रोज रात्री जेवण आटोपल्यावर मी संगणकासमोर बसतो, एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढण्याचा खेळ सुरू करतो, रँक्ड (ज्यात रेटिंगचे गुण पणाला लागतात अशा) सामन्याच्या बटणापर्यंत माऊस नेतो आणि तेथेच थांबतो. पाच-दहा मिनिटे तसाच बसून राहतो, मग दुसऱ्याच कोणाचा तरी सामना यूट्यूबवर लावतो आणि झोपेची वेळ टळेपर्यंत तो पाहत राहतो. ज्या खेळापायी मला एकेकाळी जेवणाची शुद्ध राहत नसे, त्या खेळाकडे आता हात जात नाही, आणि त्याच्याशिवाय रात्र सरतही नाही.

माझा प्रवास थोडक्यात सांगतो. इचलकरंजीत शाळेत असताना घराजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तिघे चुलतभाऊ हाच खेळ, म्हणजे त्याची २००० साली आलेली काँकरर्स ही आवृत्ती, आपापसांत खेळत असू. बिल्ड ऑर्डर (सुरुवातीला काय, कोणत्या क्रमाने करायचे याचा आराखडा) हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. भिंती बांधायच्या, हत्ती जमवायचे आणि कॅफेवाले काका दिवे मालवू लागले की एकदम चढाई करायची, एवढीच आमची युद्धनीती होती.

अभियांत्रिकीच्या वसतिगृहात क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइलवर गटागटाने खेळायचा खेळ आला. तेथील युद्धात एक दिवस तयारीचा, एक लढाईचा, आणि लढाईच्या दिवशी प्रत्येकाला हल्ले दोनच. आपले दोन हल्ले वाया गेले तर सगळा क्लॅन, म्हणजे आमचा गट, जाब विचारील, या धास्तीने परीक्षेच्या आदल्या रात्रीही मी तीनचा गजर लावून उठलो आहे. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आले आणि आम्ही चौघे मित्र रोज रात्री अकराला लॉबीत जमू लागलो. ब्राँझपासून चढत क्राऊनपर्यंत पोहोचलो. पण साधारण दोन महिन्यांनी सीझन संपायचा, रँक खाली यायची आणि तोच चढ पुन्हा चढावा लागायचा. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने इतर ११७ ॲप्सबरोबर पबजीवरही बंदी घातली, तेव्हा बाकीचे तिघे हळहळले. मला मात्र सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याचे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही.

त्यानंतर मी एज ऑफ एम्पायर्सच्या डेफिनिटिव्ह आवृत्तीकडे वळलो, या वेळी मात्र ऑनलाइन आणि गंभीरपणे. सुरुवातीचे १००० रेटिंग घसरत ७४०वर आले. मग मी शिकारीचे रानडुक्कर टाउन सेंटरपर्यंत (गावाच्या मुख्य इमारतीपर्यंत) कसे ओढून आणायचे, कितव्या व्हिलेजरला (कामकरी गावकऱ्याला) लाकडावर पाठवायचे, फ्यूडल या दुसऱ्या युगात कधी जायचे, हे सारे वहीत लिहून पाठ केले आणि दोन वर्षांत १२४० गाठले. गेले चौदा महिने मात्र ११९० आणि १२४० यांच्यामध्ये हेलकावे खातो आहे. जिंकल्यावर आनंद होत नाही, केवळ गुण गेले नाहीत याचे हायसे वाटते. हरल्यावर मात्र तो सामना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात घोळत राहतो.

माझ्या क्षमतेची मर्यादा आली आहे, की मला खेळाचाच वीट आला आहे? आणि एकदा वीट आलेला खेळ पुन्हा पहिल्यासारखा खेळता येतो का? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सांगलीकर

तुमचा प्रश्न वाचून मला माझी बुद्धिबळातील वर्षे आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्या आकड्याने तुम्ही स्वतःला जोखत आहात, तो मूळचा आमच्या खेळातला आहे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने ही पद्धत बुद्धिबळासाठी बांधली आणि फिडे या जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडू समोरासमोर आले तर कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज बांधणे, एवढेच तिचे काम. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचे अंतर असेल तर वरचढ खेळाडूने चारांपैकी सुमारे तीन डाव जिंकावेत आणि ४०० गुणांचे असेल तर अकरांपैकी दहा, असे ते गणित सांगते.

आता हे तुमच्या प्रवासाला लावून पाहा. ७४० आणि १२४० यांत ५०० गुणांचे अंतर आहे. तेव्हाचे तुम्ही आणि आजचे तुम्ही समोरासमोर बसलात, तर वीस डावांपैकी एकोणीस डाव आजचे तुम्ही जिंकाल. हे तुमच्या पदरी पडलेले आहे. ते तुम्हाला जाणवत नाही, कारण तुमचा जुना अवतार तुमच्यासमोर कधीच बसत नाही. सर्व्हर रोज तुमच्याच तोलाचा खेळाडू शोधून आणतो, आणि रेटिंग एकदा जागेवर स्थिरावले की निम्मे सामने हरणे हे ठरलेलेच आहे. ७४०वरही तुम्ही निम्मे हरत होता, १२४०वरही निम्मे हरणार आणि उद्या १५००वर गेलात तरी निम्मेच हरणार.

दुसरी गोष्ट त्या हेलकाव्यांची. तोलामोलाच्या सामन्यात साधारण १६ गुण इकडचे तिकडे होतात. म्हणजे ११९० ते १२४० हे अंतर जेमतेम तीन सामन्यांचे आहे. जिंकणे-हरणे निम्मे-निम्मे असेल तर शंभर सामन्यांत कधी ना कधी सलग पाच पराभव पदरी येण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते, आणि तेवढ्यानेच रेटिंग ८० गुणांनी कोसळते. चौदा महिने तुम्ही ज्याला अडकणे म्हणत आहात, त्यातील बराचसा भाग हा नाणेफेकीचा खेळ आहे. शिवाय तुमच्याबरोबर बाकीचेही शिकत असतात. सगळेच बिल्ड ऑर्डर पाठ करू लागले की जागेवर टिकून राहण्यासाठीही सुधारावे लागते, आणि ती सुधारणा आकड्यात दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की मोजायचे तर खेळाच्या आतले काहीतरी मोजा. तुमच्या खेळात एका व्हिलेजरला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. टाउन सेंटर व्हिलेजर न घडवता रिकामे राहिले, तर दर २५ सेकंदांमागे एक व्हिलेजर तुम्ही जन्माला येऊ दिला नाही. सामन्याचे रेकॉर्डिंग खेळातच जपलेले असते. त्यातून पहिल्या पंधरा मिनिटांतील रिकामा वेळ काढता येतो. समोरचा कितीही तगडा असला तरी हा आकडा सर्वस्वी तुमच्या हातातला असतो.

हे मी कळकळीने लिहितो आहे, त्याला कारण आहे. विशीत माझे रेटिंग बरे होते. ते घसरू नये म्हणून मी आधी अवघड स्पर्धा टाळल्या, मग सोप्याही टाळल्या, आणि पुढे सहा वर्षे पटाला हात लावला नाही. त्या सहा वर्षांत मी जे डाव खेळलो असतो, ते आता कोणत्याही उपायाने परत मिळणार नाहीत. तुम्ही बटणापाशी थांबता, तेव्हा तुम्ही त्याच वाटेवर आहात.

दक्षिणापथ

मी पाच वर्षे डोटा २ हा ऑनलाइन सांघिक खेळ खेळत होते आणि तुमच्यासारखीच आकड्याला कंटाळून त्यातून बाहेर पडले. आता युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा इतिहासावर बेतलेला रणनीतीचा खेळ खेळते. ११ नोव्हेंबर १४४४ रोजी खेळ सुरू होतो, नकाशावर बहमनी आणि विजयनगर समोरासमोर उभे असतात, आणि ठरावीक अटी पूर्ण केल्या तर मराठ्यांचे राज्य उभे करता येते. समोर माणूस नसतो, स्पेसबार दाबला की काळ थांबतो, मुलगी रडत उठली तर मी निर्धास्तपणे उठून जाऊ शकते. पहिल्यांदा मराठ्यांचा झेंडा नकाशावर फडकला, तेव्हा रात्री एक वाजता मी नवऱ्याला उठवून तो दाखवला होता.

तरीही 'खेळ बदला म्हणजे झाले' असे मी सांगणार नाही. दोन वर्षांनी मी याच खेळात अचिव्हमेंट्सची (खेळाने ठरवून दिलेल्या उद्दिष्टांची) यादी समोर ठेवून, एकेका नोंदीवर खूण करीत खेळू लागले, आणि तोच जुना शीण परत आला. १८२१पर्यंत चालणारा डाव मी १६५०च्या आसपास टाकून देत असे, कारण जिंकणे निश्चित झालेले असायचे आणि उरलेले सारे केवळ उरकायचे असायचे. आता यादी बंद करून टाकली आहे.

उंबरठा

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून आधी एक भेद स्पष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२पासून लागू झाले, गेमिंगचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती साधारणपणे किमान १२ महिने दिसावी लागतात. तुम्ही जे लिहिले आहे ते मला तसे वाटत नाही. तुमचा हात तर खेळाकडे जातच नाही. मात्र लिखाणावरून निदान करता येत नाही. झोप आणि नोकरी यांवर परिणाम होत असेल तर प्रत्यक्ष कोणाशी तरी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

त्याच वर्गीकरणात बर्नआउटचीही नोंद आहे, आजार म्हणून नव्हे, तर केवळ कामाच्या संदर्भातील एक स्थिती म्हणून. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, अशी तिची तीन अंगे सांगितली आहेत. ही तिन्ही तुमच्या लिखाणात आहेत, आणि ती कामाबद्दल नसून खेळाबद्दल आहेत, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. तीनचा गजर, अकराची लॉबी, दोन महिन्यांचा सीझन: तुमच्या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले होते आणि हजेरी तुम्ही भरत होता. सांगलीकरांचे गणित मला पटले. पण ज्याला आधीच हिशेबाचा शीण आला आहे, त्याच्या हाती आणखी एक हिशेब देण्याआधी थोडे थांबावे, असे मला वाटते. सेकंद मोजण्याचीही हजेरी होऊ शकते.

मराठीत आपण थकवा आणि वीट हे शब्द वेगळे ठेवतो, ते बरेच आहे. थकवा झोपेने उतरतो. वीट येतो तो एकच पदार्थ कोणीतरी सक्तीने वाढत राहिल्यामुळे, आणि तेथे पदार्थापेक्षा सक्तीचा दोष अधिक असतो. तुमच्या लिखाणात मला एकच भाग सक्तीविना दिसला, तो इचलकरंजीचा. ते चुलतभाऊ हल्ली कोठे असतात?

तटबंदी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे आणि मगच लिहायचे असे ठरवले होते.

प्रथम सांगलीकरांनी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या हरलेल्या सामन्याचे रेकॉर्डिंग पाहिले. तो सामना मी 'समोरच्याचे नशीब' म्हणून सोडून दिला होता. पहिल्या पंधरा मिनिटांत माझे टाउन सेंटर २ मिनिटे ५५ सेकंद रिकामे होते, म्हणजे सात व्हिलेजर. त्यांपैकी सर्वांत मोठा खंड नवव्या मिनिटाला होता. समोरच्याचा एकटा स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) माझ्या लाकडाच्या रांगेजवळ घिरट्या घालत होता आणि मी चार भालेकरी घेऊन त्याच्या मागे धावत होतो. तेवढ्यात घरे कमी पडून लोकसंख्येची मर्यादा भरली होती आणि २५ लाकडाचे एक घर बांधायचे मी विसरलो होतो. त्या स्काउटने माझा एकही माणूस मारला नाही. हे पाहताना मला राग आला नाही, उलट फार दिवसांनी कुतूहल वाटले. उंबरठा यांची सूचना ध्यानात ठेवून मी ते सेकंद वहीत मात्र लिहिले नाहीत. रँक्ड सामने पाचही आठवडे बंद ठेवले आणि रात्री दुसऱ्यांचे सामने पाहणेही सोडले. पहिला आठवडा जड गेला. साडेदहानंतर काय करावे हेच सुचत नसे. झोप मात्र त्याच आठवड्यात सुधारली.

चुलतभावांपैकी थोरला दादा इचलकरंजीतच यंत्रमागाच्या कारखान्यात आहे, धाकटा बंगळुरूला. फोन केला तेव्हा दादाने पहिला प्रश्न विचारला, तो हत्ती अजून आहेत का हा. त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर खेळ बसवायला एक रविवार गेला. आता शनिवारी दुपारी आम्ही तिघे एका बाजूने संगणकाविरुद्ध खेळतो, रेटिंगशिवाय. दादाला फ्यूडल युगात जायला मला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि त्याचे टाउन सेंटर किती वेळ रिकामे असते ते मी पाहत नाही.

गेल्या शनिवारी त्याने रानडुक्कर ओढून आणायचा प्रयत्न केला. त्याचा व्हिलेजर पुढे, डुक्कर मागे, आणि टाउन सेंटर चार पावलांवर असताना व्हिलेजर मेला. मी त्याला लूम ही सुधारणा आधी संशोधून घे म्हणून सांगणार होतो, म्हणजे व्हिलेजरची मार सोसण्याची ताकद २५वरून ४० होते. पण तोवर त्याने दुसरा व्हिलेजर त्याच वाटेने पाठवलाही होता, आणि फोनवर त्याचा मुलगा मागून ओरडत होता, "पळ, पळ, बाबा, पळ!"

रँक्ड सामन्याचे बटण अजून दाबलेले नाही. पुढच्या महिन्यात एखादा सामना खेळून पाहावा असे मनात आहे. कसा झाला ते येथेच लिहीन.