मांजराला कुत्र्याचा आहार लावू नका

वर कुणीतरी सुचवलंय की घरात मधुमेही कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर दोघांनाही तंतुमय कोरडं खाणं द्यावं. कुत्र्यापुरतं ठीक आहे, मांजराला मात्र ते सहसा मानवत नाही.

मांजराला प्रथिनं भरपूर आणि कर्बोदकं कमी हवीत, एकूण कॅलरीच्या साधारण १२ टक्क्यांच्या आत. ओल्या खाण्याच्या डब्यावर कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतो, तो काढावा लागतो. समजा १०० ग्रॅममध्ये प्रथिनं ११, मेद ६, तंतू १, राख (म्हणजे खनिजं) २, पाणी ७८. बेरीज ९८, म्हणजे उरलेली कर्बोदकं २. आता दर ग्रॅममागच्या कॅलरींनी गुणायचं: प्रथिनं आणि कर्बोदकं गुणिले ३.५, मेद गुणिले ८.५. एकूण ९६.५ कॅलरी, त्यातल्या ७ कर्बोदकांच्या, म्हणजे सुमारे ७ टक्के. हा डबा चालेल. कोरड्या दाण्यांत हे प्रमाण बहुतेक वेळा कितीतरी जास्त निघतं.

पण इन्सुलिन चालू असताना एकदम बदल करू नका! कर्बोदकं घटली की इन्सुलिनची गरजही घटते, आणि जुन्याच डोसने साखर धोकादायक खाली जाते. डॉक्टरांना आधी सांगा, साखर मोजत बदला. मांजर लडखडलं, थरथरलं तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

कुत्र्याला १२ तासांच्या अंतराने दोन सारखी जेवणं, रोज तेच खाणं, तेच वजन. आधी जेवण, मग सुई. ताट तसंच राहिलं तर पूर्ण डोस टोचू नका, डॉक्टरांना फोन करा.