मदत हवी आहे: भरताची वांगी, भेंडी, मेथीवरचं औषध घरी कितपत निघतं?

मेहरूण: जळगावच्या बाजारातून आठवड्याची भाजी एकदमच आणते. घरात लहान मूल आहे. भाजी मिठाच्या पाण्यात भिजवते, ते पुरेसं आहे का? की खाण्याचा सोडा वापरू? आणि एखाद-दुसरं भोक असलेली वांगी बिनफवारणीची समजावीत का?

गिरणाथडी: ताई, भोकावर अजिबात भरवसा ठेवू नका. अळी एकदा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे किडक्या वांग्यावरही औषध असू शकतं. खरी अडचण तोड्याची आहे. भेंडी दिवसाआड तोडली नाही तर जून होते. फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही, ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं, पण तेवढे दिवस दर तोड्याला मिळतातच असं नाही. शेतकरी स्वतः विकायला बसला असेल तर ‘शेवटची फवारणी कधी झाली?’ हे जरूर विचारा. गंगाफळाची (लाल भोपळ्याची) काळजी कमी, जाड साल आपण काढूनच टाकतो.

तापीकाठ: मिठापेक्षा चोळण्याला महत्त्व द्या. वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट हाताने चोळा, चिरण्याआधी. सोडा वापरायचा तर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे. १२ ते १५ मिनिटं ठेवून पुन्हा धुवा. अमेरिकेत २०१७ साली सफरचंदांवर हे प्रमाण वापरलं, तेव्हा सालीवरची दोन औषधं साध्या पाण्यापेक्षा चांगली निघाली. आत मुरलेला अंश मात्र राहिला. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातच भिनतं, ते कशानेही धुतलं जात नाही. साबण नको, भाजी तो शोषून घेते.

भरताच्या वांग्याची देठाखालची हिरवी टोपी नखाने उचलून बघा, थेंब वाळून तिथेच बसतात. भाजण्याआधी तिथे पाण्याची धार धरा. मेथीची जुडी सोडून, मुळं कापून, मोठ्या पातेल्यात तीनदा पाणी बदला. दर वेळी भाजी हाताने वर उचला. पातेलं उपडं केलंत तर तळाचा गाळ परत पानांवर येतो.

मेहरूण: केळी आणि मिरचीचं काय?

गिरणाथडी: कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायू चालतो. शक्यतो हिरवट फणी घ्या आणि घरीच पिकू द्या. सोलण्याआधी धुवा, नाहीतर सालीवरचं हाताला आणि हातावरचं गराला लागतं.

तापीकाठ: मिरची देठासकट धुवा, देठ नंतर काढा. आधी काढलात तर त्या जागेतून धुण्याचं पाणी आत शिरतं.