कायमची नाईट घ्यावी की रोटेशनच बरं? मदत हवी आहे

मी चाकण एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे, आत्ता दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट, सेकंड, थर्ड. आता सुपरवायझर म्हणतोय कायम थर्ड घे, रात्री ११ ते सकाळी ७, वर रात्रीला १५० रुपये जास्तीचे. पैसा लागतोच आहे, आणि खरं सांगायचं तर रोटेशनमध्ये शरीराला एक वेळ लागली की लगेच दुसरी सुरू होते त्याचाच जास्त त्रास होतो.

अडचण दिवसाच्या झोपेची. वन रूम किचन आहे, बायको ९ ला कामावर जाते, मग २ वर्षांची मुलगी आणि आई घरात. खिडकीला काळा पडदा लावला, कानात बोळे घातले, पहाटे ३ नंतर चहा बंद केला, तरी ११ च्या सुमाराला कुकरची शिट्टी झाली की जाग येते ती येतेच, जेमतेम ३ तास झोप होते. झोपेची गोळी घ्यायची नाहीये, मशीनवर हात असतो. बीपी, शुगर नॉर्मल आहे, वय ३४, येण्याजाण्याला कंपनीची बस आहे. घर बदलणं सध्या जमणार नाही.

ज्यांनी वर्षभर तरी सलग नाईट केलीये त्यांनीच सांगा, झोप एका दमात काढता की सकाळी थोडी आणि संध्याकाळी थोडी, आणि सुट्टीच्या दिवशी रात्री झोपता की जागेच राहता?