न्यूझीलंडला शिकायला जाताना ट्रेकिंगचे बूट न्यावेत का?

सह्यवेडा: क्वीन्सटाउनला शाश्वत साहस-पर्यटन शिकायला चाललोय. हरिश्चंद्रगड तुडवलेले बूट नेऊ का? आई म्हणते, तिकडे नवे घे. तिला तिथले भाव कुठे ठाऊक!

दक्षिणवारी: ने, पण घासून. मी घरी धुतले होते, तरी ऑकलंड विमानतळावर तळव्याच्या खाचेतून लाल माती निघालीच. देशात शिरतानाच्या फॉर्मवर बूट नोंदवले होते म्हणून दंड टळला. माझा पहिला तास तोच म्हण ना! ऑकलंडजवळच्या वायटाकेरेच्या जंगलात तर वाटेच्या तोंडाशीच ब्रश आणि जंतुनाशक. मातीतल्या रोगाने कौरीची झाडं मरतात.

सह्यवेडा: आणि तिथला तो प्रसिद्ध ट्रेक, मिलफर्ड ट्रॅक?

दक्षिणवारी: ५३.५ किमी. हंगामात एकाच दिशेने, गाइडशिवाय स्वतंत्र चालणारे दिवसाला फक्त ४०. कळसूबाईचा रविवार आठव!

पावसाळी_पाय: रेनकोट चांगला घे रे. तिथे वर्षाला ६,००० मिमीहून जास्त कोसळतो.