अनुभव धागा : वाचनाने तुमचे लेखन नेमके कसे सुधारले?

‘भरपूर वाचा, म्हणजे लिहिता येईल’ हा सल्ला सर्वांनीच ऐकलेला असतो. परंतु भरपूर वाचूनही निबंध लिहायला बसल्यावर पहिल्याच वाक्याशी अडणारे विद्यार्थी कमी नाहीत. महाविद्यालयीन वर्षांत वाचनाच्या कोणत्या सवयीमुळे तुमच्या लेखनात फरक पडला, ते कृपया स्वतःच्या उदाहरणासह लिहावे. सुरुवात मीच करते.

दुसऱ्या वर्षी एका शिक्षिकेने सांगितले की, परिच्छेद काय सांगतो हे न टिपता तो काय करतो हे टिपा. तेव्हापासून मी लेख वाचताना समासात ‘दावा’, ‘पुरावा’, ‘आक्षेप’, ‘आक्षेपाला उत्तर’ असे एकेक शब्द पेन्सिलीने लिहू लागले. एकदा हीच पेन्सिल स्वतःच्या सहा परिच्छेदांच्या निबंधावर फिरवली, तर पाच ठिकाणी ‘माहिती’ आणि शेवटी ‘समारोप’ असे लिहावे लागले. दावा कुठेच नव्हता! कमी गुण का पडतात, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

इतिहास, तृतीय वर्ष :
अमेरिकन लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन किशोरवयात ‘द स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातील निबंधांतील वाक्यांचा आशय थोडक्यात टिपून ठेवत, काही दिवसांनी मूळ न पाहता तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहीत आणि मग मुळाशी ताडून चुका दुरुस्त करत. कधी टिपणांचा क्रम विस्कटून काही आठवड्यांनी तो नव्याने लावत. हा प्रयोग मी रोज एका परिच्छेदावर केला. मूळ लेखकाने जिथे उदाहरण दिलेले असे, तिथे माझ्या मजकुरात हटकून एखादे गोल विधान सापडे. पद्धत कंटाळवाणी आहे, हे मान्य करायला हवे. पण नुसते उतरवून काढण्याने मला यातले काहीच दिसले नसते.

भाषाशास्त्र, पदव्युत्तर :
मी आवडीचा लेख मोठ्याने वाचते आणि लगेच त्यापाठोपाठ स्वतःचे पान. पहिल्याच वेळी लक्षात आले की, माझ्या अकरा वाक्यांपैकी नऊ ‘आहे’वर संपत होती.

रसायनशास्त्र, द्वितीय वर्ष :
माझा अनुभव थोडा उलटा आहे. वाचताना भेटलेले भारदस्त शब्द मी वहीत साठवत असे आणि संधी मिळताच वापरत असे. परिणामी एका प्रयोग-अहवालात ‘तद्वतच’ तीनदा आले आणि तपासणाऱ्यांनी तिन्हींभोवती लाल वर्तुळे काढली. आता मी सुटा शब्द टिपत नाही, तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य त्याच्या मागच्या वाक्यासह उतरवून घेतो. त्यामुळे ‘मात्र’ आणि ‘तरीही’ यांसारखे साधे शब्द नेमके कुठे बसतात, ते कळू लागले. वही हळूहळू भरते, आणि ‘तद्वतच’ तिच्यात अजून परत आलेले नाही.