शब्दचर्चा: सिनेमा पुस्तकाशी ‘प्रामाणिक’ असू शकतो का?

अर्धविराम
मंडळी, अडलेय, मदत करा. एका माहितीपटाची मराठी सबटायटल्स करतेय. लोकांच्या लाडक्या फँटसी कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले तेव्हा वाचकांना काय वाटलं असा विषय आहे. त्यात एक बाई थिएटरातून बाहेर पडल्या पडल्या म्हणते, “इट वॉज फेथफुल टू द बुक, बट इट वॉजन्ट द बुक.” डोळे भरलेत तिचे. मी लिहिलं, “पुस्तकाशी प्रामाणिक होता, पण ते पुस्तक नव्हतं.” तपासणाऱ्यांनी ‘प्रामाणिक’वर काट मारली आणि शेरा दिला की माणूस प्रामाणिक असतो, सिनेमा नसतो. आता मी ‘मूळ संहितेशी प्रामाणिक राहून’ असं कित्येक वर्षं वाचत आलेय, ते सगळं चूक का? ‘एकनिष्ठ’ म्हटलं तर नवराबायकोचं बोलणं वाटतं. ‘हुबेहूब’ म्हटलं तर वाक्याचा दुसरा अर्धा भागच कोसळतो, हुबेहूब होता तर मग पुस्तक नव्हतं असं ती का म्हणेल? ओळ पडद्यावर जेमतेम तीन सेकंद टिकते, त्यामुळे समजावून सांगणारं लांबलचक काही चालणार नाही.

निळीशाई
“पुस्तकाला न्याय दिला, पण...” असं का नाही करत? परीक्षणांत सर्रास असतं, भूमिकेला न्याय दिला, कथेला न्याय दिला. वाचणाऱ्याला क्षणात कळतं.

जुनापाना
‘न्याय देणे’ हे इंग्रजीची सरळ उचल आहे, आणि आता इतकं गुळगुळीत झालंय की त्यातून काही कळत नाही. शिवाय न्याय देणारा वरच्या पायरीवर बसतो. इथे सिनेमा पुस्तकाच्या ऋणात आहे, न्यायाधीश कसला? माझ्या मते ‘मूलनिष्ठ’ हा नेमका शब्द आहे. तत्त्वनिष्ठ, वस्तुनिष्ठ चालतं तर मूलनिष्ठ का नको?

अर्धविराम
जुनापाना काका, शब्द चांगलाय पण ती बाई रडवेली होऊन ‘मूलनिष्ठ’ म्हणेल का हो?

कोशकीटक
अर्धविराम ताई, तुमच्या तपासनीसांचं म्हणणं मराठीपुरतं अर्धं बरोबर आहे. ‘प्रामाणिक’ आला ‘प्रमाण’वरून, आणि संस्कृतात त्याचा अर्थ ज्याला प्रमाण आहे ते, विश्वसनीय, ग्राह्य. हिंदीत अजून तोच अर्थ चालतो, हिंदीत प्रामाणिक ग्रंथ म्हणजे अस्सल, अधिकृत ग्रंथ. मराठीने तो शब्द माणसाच्या स्वभावाला नेऊन चिकटवला, खोटं न बोलणारा, लबाडी न करणारा. म्हणून ‘पुस्तकाशी प्रामाणिक’ वाचलं की दिग्दर्शकाची सचोटी डोळ्यासमोर येते. पण त्याला चूक म्हणायला मी तयार नाही. ‘स्वतःशी प्रामाणिक’ आपण म्हणतोच की, ‘-शी’ लावून नातं दाखवायची सोय मराठीने करून ठेवलीय.

माझं मत विचाराल तर ‘इमान’. अरबी ईमान म्हणजे मुळात श्रद्धाच, आणि फेथ म्हणजेही श्रद्धा. मराठीत येऊन त्याचा अर्थ निष्ठेकडे सरकला, इमानेइतबारे चाकरी केली म्हणतो आपण. “पुस्तकाशी इमान राखलं” हे बोलण्यातलं आहे, लहान आहे, आणि त्यात भावनाही आहे.

गिरमिट
इमानला माझं मत!! आणि का ते जरा सविस्तर लिहितो कारण हा विषय माझ्या जिवाचा आहे. टोल्किनच्या अंगठीच्या कादंबरीवरचे, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे, तीन सिनेमे आले, २००१, २००२, २००३, आणि मी ती कादंबरी इतक्या वेळा वाचलेली होती की काही पानं तोंडपाठ होती. पहिल्यात टॉम बॉम्बाडिल नाहीच. अख्खं पात्र गायब, त्याच्यासोबतची प्रकरणंसुद्धा. तिसऱ्यात शेवटी हॉबिट, म्हणजे गोष्टीतले बुटके नायक, घरी परततात तेव्हा त्यांचा शायर नावाचा मुलूख लुटला गेलेला असतो आणि त्यांना स्वतःच लढून तो सोडवावा लागतो, हे पुस्तकातलं सगळं काढून टाकलं. आणि तरी मला फसवल्यासारखं वाटलं नाही. पहिल्यांदा शायर पडद्यावर दिसलं, ती हिरवी टेकडी आणि तो गोल दरवाजा, तेव्हा छातीत असं काहीतरी झालं की बस. म्हणजे कापाकापी करूनही इमान राखता येतं.

पण फॅरमिर, तो सेनापती!! पुस्तकात तो म्हणतो की ही अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि आपला शब्द पाळतो. दुसऱ्या सिनेमात त्यालाच मोह होतो, तो अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोला धरून ऑसगिलियथ शहरापर्यंत ओढत नेतो आणि मग कुठे सोडतो. काढलं काहीच नाही, उलट प्रसंग वाढवला, पण माणूसच बदलून टाकला. ते मला अजून सलतं. बॉम्बाडिल गेला त्याचं वाईट वाटलं, फॅरमिरच्या वेळी राग आला. या दोन्हीला एकच शब्द कसा पुरेल?

निळीशाई
हे फार बरोबर बोललास. आणि बघ, आपण वाचक लोक चिडल्यावर जे बोलतो ते किती वेगळं असतं, ‘पुस्तकाची वाट लावली’, ‘माती केली’, ‘चिंध्या केल्या’, ‘कात्री चालवली’. यातलं प्रत्येक वेगळ्या गुन्ह्यासाठी आहे. बॉम्बाडिलवर कात्री चालवली, पण फॅरमिरची माती केली.

पडद्यामागे
मी पटकथा लिहितो म्हणून दुसरी बाजू मांडतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा आमचा ढोबळ हिशेब असतो. सहाशे-सातशे पानांची कादंबरी दीडशे पानांत आणायची म्हणजे काहीतरी जाणारच, ते गेलं म्हणून बेइमानी म्हणणं अन्याय आहे. फॅरमिरचंच घ्या, ज्याला मोह पडतच नाही असा माणूस पानावर शोभतो, पडद्यावर त्याच्यात काही घडताना दिसत नाही. आणि आतली गोष्ट सांगतो, शब्द जसेच्या तसे ठेवूनही वाट लागू शकते. हॅरी पॉटरचं चौथं पुस्तक (२०००) आणि त्यावरचा सिनेमा (२००५) घ्या. स्पर्धक निवडणाऱ्या जादूच्या चषकातून हॅरीचं नाव बाहेर पडतं आणि शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला विचारतो की तू चषकात तुझं नाव टाकलंस का. इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की त्याने हे शांतपणे विचारलं. सिनेमात तोच प्रश्न आहे, जवळजवळ त्याच शब्दांत, पण डम्बलडोर तावातावाने धावत येतो, पोराला धरतो आणि ओरडून विचारतो. चाहते इतकी वर्षं झाली तरी त्या एका ‘शांतपणे’वरून बोलतायत. संवाद मुळाबरहुकूम, पण माणूस हरवला. हे बघितल्यापासून मी पटकथा करताना मूळ पुस्तकातली क्रियाविशेषणं वेगळी लिहून काढतो.

अर्धविराम
अंगावर काटा आला. म्हणजे माझ्या बाईचं वाक्य कदाचित हेच सांगतंय, सगळं होतं आणि तरी ते नव्हतं. मग तर तिचं फेथफुल म्हणजे इमानाकडे कमी आणि बरहुकूमकडे जास्त झुकतंय की काय?

टीचभर
“मुळाबरहुकूम होता, पण ते पुस्तक नव्हतं.” मला आवडलं! ‘बरहुकूम’मध्ये हुकूम आहे ना, म्हणजे सांगितलं तसं केलं, मन लावून केलं की नाही ते वेगळं.

कोशकीटक
हो, फारसी बर आणि अरबी हुकूम, हुकमाप्रमाणे. जुन्या कागदांच्या नकलांवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ लिहिलेलं असायचं. तिथे अपेक्षा हीच की अक्षर न अक्षर जुळावं.

जुनापाना
इमान, बरहुकूम, नक्कल, अस्सल. सगळे परके. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला तो हौस म्हणून नव्हे. ‘चित्रपट’ शब्द आज आपल्या तोंडात इतका बसलाय की तो कुणीतरी हट्टाने रुजवला हे लक्षातही येत नाही, सावरकरांनी असे किती शब्द चालते केले. ‘मूलनिष्ठ’ आज अवघड वाटतो कारण कुणी वापरत नाही. तुम्ही सबटायटलमध्ये वापरा, दहा हजार लोक वाचतील, पुढच्या वर्षी तो अवघड राहणार नाही. शब्द असेच मोठे होतात हो.

कोशकीटक
काका, मी तुमचा आदर ठेवून बोलतो. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला आणि १९३८ साली त्यांनीच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिलं. दोन्ही कामं एकाच माणसाची. ज्यांनी परके शब्द कसून अभ्यासले तेच पुढे शुद्धीच्या बाजूला गेले, आणि तरी त्यांचा कोश आजही मला रोज लागतो. ‘चित्रपट’ रुजला हे खरं, पण बोलताना आपण ‘पिक्चर’ आणि ‘सिनेमा’ म्हणतोच आहोत. रडणारी बाई बोलतेय, तिला बोलण्यातला शब्द द्या.

जुनापाना
बोलण्यातला शब्द द्यायचा तर फेथफुलच देवनागरीत लिहा, मग आपण इथे कशाला जमलोय?

मुळात मला याहून मोठी अडचण दिसते. तुम्ही सगळे अ‍ॅडाप्टेशनला काय म्हणताय? रूपांतर ना? मराठीत रूपांतर म्हणजे परकी कलाकृती आपल्या नावागावांत, आपल्या रीतीभातीत आणणं. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, पुलंनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली (१९७५), ही रूपांतरं. तिथे मूळ हरवणं हीच कला आहे, एलायझाची मंजुळा झाली नाही तर नाटक फसलं. कादंबरीचा सिनेमा होतो तेव्हा नावं तीच, गाव तेच, बदलतं फक्त माध्यम. त्याला ‘माध्यमांतर’ म्हणा. दोन्हींना एकच शब्द लावला म्हणून निष्ठेचा घोळ झालाय.

पडद्यामागे
हे मात्र पटलं. मला निर्मात्यांशी बोलताना हीच अडचण येते, ते ‘रूपांतर’ म्हणतात आणि त्यांच्या डोक्यात असतं की वाटेल ते बदलता येईल.

टीचभर
पण रूपांतर शब्दातच सांगून ठेवलंय ना, रूपात अंतर! मूळ आणि नवं यांच्यात अंतर पडणारच. मला आमच्या बाईंनी शाळेत असंच शिकवलेलं आणि ते मला फार खरं वाटतं.

कोशकीटक
टीचभर, अर्थ सुंदर आहे पण व्युत्पत्ती तशी नाही. समासात शेवटी येणाऱ्या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’. अन्य रूप ते रूपांतर, अन्य भाषा ती भाषांतर, अन्य देश तो देशांतर. देशांतर म्हणजे देशात अंतर नव्हे.

टीचभर
मान्य. पण लोक बोलताना मनात काय धरतात त्यालाही काही किंमत आहे ना? आज मराठी माणसाला ‘अंतर’ म्हटलं की दुरावा आठवतो, ‘दुसरा’ आठवत नाही. बाईंचं वाक्य मी सोडणार नाही.

निळीशाई
तुम्ही सगळे ‘बेतलेला’ विसरलात! अमुक कादंबरीवर बेतलेला सिनेमा. आई कापड बेतायला बसली की मी समोर बसायचे. जमिनीवर कापड पसरायचं, जुना फ्रॉक वर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि रेघेच्या बाहेर बोटभर जास्त ठेवून कात्री लावायची. विचारलं तर म्हणायची, अंग वाढतं, शिवणीत थोडं राखून ठेवावं लागतं. मला सिनेमा असाच हवाय, जुन्या फ्रॉकवरून बेतलेला, पण अंगाला बसणारा. ‘आधारित’मध्ये हे काहीच नाही, तो शब्द मला कधी आवडला नाही.

कोशकीटक
वा! आणि हिंदीत ‘ब्योंत’ आहे, त्याचेही हेच दोन अर्थ, कापडाची कापणी आणि बेत, योजना.

गिरमिट
पण बेतताना कापडच अर्धं टाकून दिलं तर? मिखाएल एंडेचं ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ १९७९ चं, सिनेमा १९८४ चा, आणि तो साधारण अर्ध्या पुस्तकावरच संपतो. एंडेने सांगितलं की काम थांबवा नाहीतर नाव तरी बदला, ऐकलं नाही तेव्हा तो कोर्टात गेला आणि हरला. अर्धं पुस्तक गाळलं म्हणजे काय गाळलं बघा, पहिल्या अर्ध्यात पोरगा कथेत शिरतो, आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या इच्छा पुऱ्या होत जातात तसतशी त्याची आठवण पुसत जाते. ती किंमतच पुस्तकाचा जीव होती. नुसता सिनेमा पाहिलेल्याला वाटतं की इच्छा मागितल्या आणि सगळं छान झालं. याला मी कात्री म्हणणार नाही, हे अर्थच उलटा करणं आहे.

पडद्यामागे
तरी तो सिनेमा बघून पुस्तकाकडे वळलेला मी एक आहे. नऊ वर्षांचा होतो. तो सिनेमा नसता तर एंडे मला कधी भेटलाच नसता.

गिरमिट
मग दुसरा अर्धा भाग वाचल्यावर सिनेमाबद्दल काय वाटलं?

पडद्यामागे
राग आला. आणि अजूनही तो सिनेमा आवडतो. दोन्ही खरं आहे.

अर्धविराम
सकाळी फाइल द्यायची होती, दिली. “पुस्तकाशी इमान राखलं, पण ते पुस्तक नव्हतं” असं पाठवलं. मुळाबरहुकूम लिहून बघितलं होतं, पण तिचा चेहरा आणि तो शब्द एकत्र बसेना, हुकूम पाळल्यावर कुणी रडत नाही. तपासणाऱ्यांचं उत्तर आलंय की इमान ठीक, पण ‘राखलं’ की ‘राखला’, कर्ता सिनेमा की इमान?

कोशकीटक
‘राखलं’च. सिनेमाने इमान राखलं, कर्त्याला ‘ने’ लागल्यावर क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, आणि इमान नपुंसकलिंगी.

टीचभर
आमच्याकडे सगळे ‘तो इमान’ म्हणतात, ‘त्याचा इमान विकला’.

जुनापाना
लिंगावरून चर्चा सुरू झालीच आहे तर ‘सिनेमा’चं अनेकवचन ‘सिनेमे’ की ‘सिनेमा’, हेही एकदा होऊन जाऊ द्या. वर सगळीकडे ‘सिनेमे’ लिहिलंय आणि मला ते पहिल्या ओळीपासून खटकतंय.